अप्पा फिरायला निघाले

आमच्यात भुतं नसतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला मधेच अडवायला नको. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून माती देतात, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तो लिंगात मिळाला असं म्हणतात. विषय संपला. झाडावर बसून वाट बघणं, कावळ्याला ताटकळत ठेवणं, असले उद्योग आमच्यात नाहीत. मी शाळेत गणित शिकवते, आणि एकदा सांगून कळलं नाही की माझं डोकं फिरतं. जे झालं ते भर उजेडात, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, मोबाईलवर झालं.

माझा धाकटा भाऊ गुरुशांत स्पेनमध्ये वालेन्सिया नावाच्या गावी असतो. बंदरातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. सहा वर्षं झाली त्याला तिथं जाऊन. आधी त्याचा फोन रविवारी यायचा, तोही धावतपळत. "काय बे भुवे, जिवंत हाईस का," एवढं मला, आणि "जेवलो अव्वा, व्हय अव्वा, ठेवतो अव्वा," एवढं आईला. अव्वाचं बोलणं अर्ध्यावर असतानाच फोन बंद व्हायचा. ती जरा वेळ मोबाईलच्या काळ्या काचेकडे बघत बसायची, मग भाजी निवडायला घ्यायची.

अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, दुसरंच. ईरप्पा म्हटलं की आमच्या गावातल्या सात रस्ता चौकात कुणीही पाईपचं दुकान दाखवायचं. सकाळी शटर वर, रात्री शटर खाली, मधल्या वेळात गिऱ्हाईक. लग्नानंतर त्यांनी अव्वाला कधी कंबर तलावाकाठीसुद्धा फिरायला नेलं नाही. वाईट नव्हते, बायकोला मारझोड नाही, व्यसन नाही. पण अव्वाशी बोलायचे ते "वाढ", "पुरे" आणि "दिवा घालव" एवढंच. आणि कुणाचंही ऐकायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता. डॉक्टरांचंही ऐकलं नाही, म्हणून फेब्रुवारीत गेले.

गुरु विमानातून उतरून तसाच धावत आला. दारात माणसं खोळंबली होती. त्याला घाईघाईनं आंघोळ घातली, पूजेला बसवलं. त्यानं आपल्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढून ताटात ठेवली. अप्पांना आंघोळ घालताना त्यांच्या गळ्यातली डबी काढली होती, तीही त्याच ताटात होती. दोन्ही डब्या एकाच सोनारानं, एकाच वेळी घडवलेल्या. त्या गर्दीत, त्या रडारडीत, एक लिंग अप्पांच्या हातात गेलं आणि दुसरं गुरूच्या गळ्यात. मोकळी झालेली डबी कुणीतरी अव्वाच्या पदरात आणून टाकली. तेव्हा कुणी काही नीट बघितलं नाही.

दुखवट्याचे दिवस झाले, गुरु परत गेला. आणि आठवडाभरातच रोज फोन यायला लागले.

मी शाळेतून सुटल्यावर अव्वाकडे चहाला थांबते. आपली संध्याकाळ म्हणजे त्याची दुपार, जेवणानंतरची सुट्टी. पहिल्या दिवशी तो बोलला ते ऐकून मला गंमत वाटली. म्हणाला, "बघ, रस्त्याकडंला झाडं हायत संत्र्याची. खाली सडा पडलाय. कुणी उचलत न्हाय."

अव्वा मोबाईलला नाक लावून बघत होती. "कडू असतील," ती म्हणाली.

"कडूच हायत. मी खाऊन बघितलं."

मी म्हटलं, "सहा वर्षं राहतोस तिथं आणि आज दिसली होय तुला संत्री?" तो माझ्याकडं बघून नुसता हसला. मला वाटलं, बाप गेल्यावर माणूस जरा हळवा होतो, आईला जपतोय बिचारा. मी चहात खारी बुडवून खाल्ली.

मग रोजच तसं. कधी तो नदीच्या जागी केलेल्या लांबलचक बागेत बसलेला असायचा. नदी वळवली आणि तिच्या पात्रात बाग केली, हे त्यानं अव्वाला इतकं समजावून सांगितलं, की जणू त्यानं स्वतःच पाईप टाकून ती वळवली होती. कधी बंद दुकानांची ओळ दाखवायचा. "दुपारची दुकानं बंद करतात हितं. घरी जातात, जेवतात, झोपतात. कुणी काय म्हणत न्हाय. मग परत उघडतात." बराच वेळ तो त्या शटरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आन् तरी धंदा चालतो की." त्याच्या आवाजात असं काही होतं, की मी चहाचा कप खाली ठेवला. गुरूला दुकानाचा जन्मजात कंटाळा होता. दुकानात बसायचं नाही म्हणून तर तो समुद्रापार पळाला होता.

अव्वा मात्र खुलायला लागली. फोनच्या आधी तोंड धुवायची, चांगलं पातळ नेसायची. एक दिवस बघते तर हातात हिरव्या बांगड्या. तो रोज तिला विचारायचा, "जेवलीस का? काय केलतंस?" आणि ती शेंगाची चटणी, मेथीची भाजी, भाकरी कडक झाली की मऊ, सगळं सांगत बसायची. तो शेवटपर्यंत ऐकायचा. एवढं बोलताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं.

"अव्वा" म्हणणं त्यानं कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आला तो हात. एका हॉटेलच्या बाहेर चार म्हातारे ठिपक्यांच्या सोंगट्या मांडून खेळत होते आणि गुरु त्यांच्यात बसला होता. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवलेला. तो उजव्या हातानं सोंगट्या लावत होता. आमचा गुरु डावरा. लहानपणी पूजेला बसला की डाव्या हातानं फूल वाहायचा म्हणून अप्पांचा मार खायचा, पण हात काही बदलला नाही. आणि आता उजव्या हातानं, एकेक सोंगटी टेबलावर ठोकून, मग दोन बोटांनी सरळ करून ठेवत होता. अप्पा गल्ल्यावर बसून पाईपचे सांधे असेच मांडायचे.

घरी जाऊन नवऱ्याला, महेश्वरला, सांगितलं. तो बँकेत आहे, त्याला सगळ्यावर एकच औषध ठाऊक. म्हणाला, "मुलगा बापासारखा नाही होणार तर काय शेजाऱ्यासारखा होणार? झोप." मी झोपले. दुसऱ्या दिवशी गुरूनं मला विचारलं, "काय मास्तरीण, माळ्यावरची ती चार इंची पाईप विकलीस का?"

मला मास्तरीण फक्त अप्पा म्हणायचे.

"कुठली पाईप?" मी म्हटलं.

"मागल्या भिंतीकडची. ती विकू नकोस. चिमण्यांनी घरटं केलंय तिच्यात. पिल्लं उडून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी दुकान उघडलं. अप्पा गेल्यापासून ते बंदच होतं. धुळीत शिडी लावून माळ्यावर चढले, मागच्या भिंतीपाशी वाकून पाईपात टॉर्च मारला. काड्या, कापूस, आणि आत चार उघड्या चोची. माळ्यावर अप्पांशिवाय कुणी चढत नसे. गुरु तर लहानपणापासून पालीला भिऊन शिडीच्या जवळ जायचा नाही. मी खाली उतरले, शटर ओढलं आणि त्या दिवशी वर्गात फळ्यावर काय लिहिलं ते आता आठवत नाही.

पुढच्या शनिवारी तो समुद्रावर गेला. वाळूत बसून त्यानं सदरा काढला. तिथले गोरे लोक उघडे पडले होते, त्यांच्यात हा मांडी घालून ताठ बसलेला, गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी. ऊन त्या डबीवर पडलं आणि मला झाकणावरचा पोचा दिसला. मागं एकदा पाईपचा बंडल निसटून अप्पांच्या छातीवर आला होता. डबीनं मार खाल्ला, अप्पा वाचले. त्याचा तो पोचा. सोनाराकडं द्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण ऐकतील तर ते अप्पा कसले.

फोन बंद झाल्यावर मी अव्वाकडे वळले. "अव्वा, तुझ्या पदरात टाकलेली ती रिकामी डबी कुठं आहे?"

ती उठली नाही, दचकली नाही. उशाखाली हात घालून तिनं डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. गुळगुळीत होती. कुठंही पोचा नाही.

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "तेंच्या हातात गुरूचं लिंग गेलं, गुरूच्या गळ्यात तेंचं आलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"पुरल्यावर काय बोलायचं गं? म्हटलं, बापाचं लिंग लेकाजवळ ऱ्हाईल. लई वाईट काय न्हाय त्यात." मग तिनं पदर नीट केला. "मग फोन यायला लागले. तेनी मला इचारलं, जेवलीस का म्हणून."

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. अव्वा ऐकून घेत होती. शेवटी इतकंच म्हणाली, "चाळीस वर्षं मी तेंच्या ताटासमोर बसले, भुवे. एकदा सुदिक ह्यो माणूस माज्याकडं तोंड करून बोलला न्हाय. आता रोज बोलतोय. मला समुद्र दाखवतोय. थोडे दिवस दे की मला."

"आणि गुरु?"

"गुरु काय कुटं गेला न्हाय. हाय की त्यातच. दोघं मिळून हायत." हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला तिचा राग येत होता आणि तिच्या हातातल्या बांगड्या बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसानं काय करायचं ते मला माहीत नाही, मी चपला घातल्या आणि निघाले.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत अंकिताचा फोन आला. अंकिता वैराग गावची पोरगी, माद्रिदला नोकरी करते. येत्या दिवाळीनंतर गुरूशी तिचं लग्न करायचं ठरलं होतं. ती हुंदके आवरत बोलत होती. "ताई, मी आत्ता वालेन्सियात आहे. गुरु फोन उचलत नव्हता म्हणून आले. त्यानं दार उघडलं आणि मला हात जोडले. म्हणाला, या बाई, कुणाकडं आलाय? मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं मला पाणी दिलं आणि बाहेरच्या खुर्चीवर बसवलं, परक्या बाईला बसवतात तसं. ऑफिसातून माणूस येऊन गेला म्हणे, तो कामावर जात नाही. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं, तर तो घाबरला. ताई, तो मला बघून घाबरला."

मी तिला त्याला नजरेआड करू नको असं सांगितलं, अर्धी रजा टाकली आणि मठात गेले. आमच्या मठातले स्वामी म्हातारे आहेत, कानानं कमी ऐकतात. त्यांच्यासमोर ओरडून सगळं सांगावं लागलं. अप्पांच्या हातात लिंग त्यांनीच ठेवलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"मातीला दिलेलं परत मागत न्हाईत," ते म्हणाले. "उकरायचा विचार डोक्यातनं काढून टाक. पण गळ्यातलं काढता येतं. ते पाण्याला द्यायचं. मग पोरानं हितं यावं, मी त्याला नवं लिंग बांधतो, दीक्षा देतो. पण ते काढायचं ज्याच्या गळ्यात हाय त्यानंच, आपल्या हातानं. दुसऱ्यानं ओढून काढलं तर दोघं बी जातील."

"अप्पा कशाला काढतील? त्यांना तिथं आवडलंय."

"कुणीतरी सांगाय पायजे. ज्याचं ते ऐकतात त्यानं."

"ते आयुष्यात कुणाचं ऐकले नाहीत, स्वामी."

स्वामींनी माझ्या कपाळाला विभूती लावली. मी अव्वाकडे गेले. अंकिताचं बोलणं सांगितलं, स्वामींचं सांगितलं. तिनं चूल पुसायचं काम थांबवलं नाही. "बघू," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या पोटचा गोळा आहे तो, आणि तू बघू म्हणतीस. तरी ती "बघू"च म्हणाली. मग तिनं तोंड धुतलं, केसात अबोलीचा गजरा माळला आणि खुर्चीत बसली. मला तेव्हा तिची भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या आईची भीती वाटली.

फोन आला. तो समुद्रावर होता, वाळूत मांडी घालून बसलेला. मागं बऱ्याच अंतरावर एक पोरगी उभी होती, ती अंकिता असणार.

"आज गजरा," तो म्हणाला. चेहरा गुरूचा, जबडा गुरूचा, उजव्या भुवईवरचा वण गुरूचा. आणि त्या डोळ्यांतून अप्पा बघत होते. आता मला ते स्पष्ट दिसत होतं, इतके दिवस कसं दिसलं नाही कोण जाणे.

"बरा हाय का?" अव्वानं गजऱ्याला हात लावला. ती त्यांना तुमी म्हणून बोलत होती, आणि ते दोघांनाही वावगं वाटत नव्हतं. "तुमी जेवलासा?"

"जेवलो. भात होता, शिंपल्या घातलेला. मी शिंपल्या काढून ठिवल्या." ते समुद्राकडे बघत राहिले. "लई मोठं हाय गं हे. मी आदीच आनाय पायजे होतं तुला. दुकान दुपारचं बंद करून बी जमलं असतं. हितं जमतंय की."

अव्वाचे डोळे भरून आले. मी तिच्या खांद्याला चिमटा काढला. तिनं माझा हात झटकला. मला वाटलं, संपलं, ही काही बोलणार नाही, ही रोज अशीच गजरा माळून बसणार आणि माझा भाऊ कायमचा गेला.

"एक इचारू?" अव्वा म्हणाली.

"इचार की."

"गुरु कुटं हाय?"

त्यांनी बोटानं वाळूत एक रेघ ओढली. लपवाछपवी त्यांना कधी जमली नाही. दुकानात खराब माल असला तर स्वतःच सांगायचे.

"तितं हाय. माज्या जागी. बसलाय."

"एकटाच?"

"एकटाच. अंदार हाय तितं. हाक मारतोय तो. मला ऐकू येतंय मदनंमदनं." मग जरा ओशाळून म्हणाले, "लाटांचा आवाज असला की येत न्हाय. म्हणून मी रोज हितं येऊन बसतो."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. अव्वाचा हात माझ्या मनगटावर होता आणि तिची बोटं इतकी रुतली की माझ्या हाडावर दाबून तिचीच एक बांगडी फुटली.

"काय म्हणून हाक मारतोय?" तिनं विचारलं.

"तुलाच मारतोय. अव्वा म्हणून."

अव्वानं डोळे पुसले. मग ती खुर्चीत सरळ बसली आणि जे बोलली ते अगदी हळू, जेवायला वाढताना बोलावं तसं.

"अवो, उठा. ते गळ्यातलं काडा आन् पाण्यात सोडा. माज्या लेकराला वर येऊ द्या."

"मला परत जायाला लागंल."

"व्हय."

"मग हे बोलणं न्हाय, काय न्हाय."

"ठाऊक हाय मला."

ते तिच्याकडे बघत राहिले. "तू सांगतीस?"

"मी सांगते."

त्यांनी मोबाईल वाळूत ठेवला. आम्हाला आता फक्त आभाळ दिसत होतं. पावलं पाण्याकडे गेल्याचा आवाज आला, मग लाटा. अंकितानं काहीतरी हाक मारली. लाटा येत होत्या, जात होत्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अव्वाची नजर त्या आभाळावरून हलली नाही.

मग खोकल्याचा आवाज आला. कुणीतरी गुडघ्यावर पडून खोकत होतं, गुदमरून वर आलेला माणूस खोकतो तसं. अंकिताचा चेहरा काचेवर येऊन गेला आणि तिनं मोबाईल उचलून त्याच्यासमोर धरला. गुरु ओला गच्च होता. तो वाळूवर थुंकत होता आणि पिवळ्या वाळूवर काळी चिकट ढेकळं पडत होती. तसली काळी माती त्या समुद्राकाठी कुठून येणार? ती आमच्याकडची, पाऊस पडला की चपलेला धरून बसते तसली.

"अव्वा," तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "अव्वा, मी किती हाका मारल्या तुला."

"ऐकलं रे बाळा," अव्वा म्हणाली. "हाय मी हितं. हिच्याबरोबर घरी जा, कोरडा हो. आन् पयलं विमान पकडून ये." आवाज अजिबात कापला नाही तिचा. तिनं अंकिताला त्याचं डोकं पुसायला सांगितलं, काहीतरी गरम प्यायला द्यायला सांगितलं. गुरु पुन्हा अव्वा, अव्वा करत राहिला आणि ती प्रत्येक वेळी ओ देत राहिली. शेवटी अंकितानंच फोन बंद केला.

मी रडत होते. हसतही असेन, गुरु परत आला होता. "अव्वा, आला गं तो," असं मी दोनतीनदा म्हणाले. तिनं मान हलवली. मग गजरा काढून मांडीवर ठेवला, हातातल्या उरलेल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि हुंदका आला तशी पुढं वाकली. फेब्रुवारीत दारात माणसं जमलेली असताना ती रडली नव्हती, चहा किती जणांना लागेल ते बघत होती. आता रडली ती मोठ्यानं, भिंतीला डोकं टेकवून, गल्लीतल्या बाया दारात येईपर्यंत.

शेजारच्या दानम्मानं आत येऊन विचारलं, काय झालं, गुरु बरा हाय न्हवं?

"गुरु बरा हाय," अव्वा म्हणाली. "ह्या पोरांचा बाप गेला आज."